विश्लेषण : डेंग्यूच्या लसीसाठी कापलेली ‘ती’ ३० अक्षरे, प्रथिन न बनवणारा आरएनए विषाणूला कसा वाचवतो?

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरणातून शंभरहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून आलेले पाणी शहराला वर्षानुवर्षे काही दिवसांआड मिळते. त्यामुळे सात रस्ता परिसर असो की जुळे सोलापूर, घरोघरी बॅरल, हौद आणि गच्चीवरच्या टाक्या भरून ठेवाव्याच लागतात. साठवलेले स्वच्छ पाणी ही एडिस डासाची आवडती जागा. डेंग्यू, झिका आणि चिकुनगुन्या हे तिन्ही आजार पसरवणारा डास हाच.

यापैकी डेंग्यूविरुद्धच्या एका लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. ही लस ज्या पद्धतीने तयार झाली ती मोठी गमतीची आहे. विषाणूला कमजोर करण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्याच्या सुमारे १० हजार ७०० अक्षरांच्या जनुकीय मजकुरातून ३० अक्षरे काढून टाकली. ही ३० अक्षरे कोणतेही प्रथिन बनवत नाहीत. मग ती काढल्याने विषाणू दुबळा का होतो? त्याचे उत्तर ‘नॉन-कोडिंग आरएनए’ या विषयात आहे.

नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे काय?

डेंग्यूच्या विषाणूत डीएनए नसतो. त्याचा सगळा जनुकीय मजकूर आरएनएच्या एकाच धाग्यावर लिहिलेला असतो. हा धागा आपल्या पेशीत शिरला की पेशीतली यंत्रणा तो वाचते आणि त्याबरहुकूम विषाणूची १० प्रथिने तयार करते. या प्रथिनांपासूनच विषाणूचे कवच आणि त्याच्या नकला काढणारी यंत्रणा उभी राहते.

मात्र धाग्यावरचा सगळाच मजकूर प्रथिनांसाठी नसतो. दोन्ही टोकांना असे भाग असतात की ज्यांचे प्रथिनांत भाषांतर होत नाही. सुरुवातीचा भाग साधारण १०० अक्षरांचा, तर शेवटचा सुमारे ४५० अक्षरांचा असतो. आरएनएच्या अशा भागांना आणि तुकड्यांना ‘नॉन-कोडिंग’ म्हणतात.

सोलापुरी चादरीचे उदाहरण घेऊ. चादरीची नक्षी मधल्या कापडावर असते. टोकाला मात्र सुट्या दोऱ्यांच्या दशा असतात. त्यांत नक्षी नसते. पण या दशांना पीळ देऊन गाठ मारली नाही, तर कापड टोकाकडून उसवू लागते. डेंग्यूच्या धाग्याचे शेवटचे टोक काहीसे या दशांसारखे आहे. त्यात प्रथिनांची नक्षी नाही, गाठी मात्र आहेत आणि त्या फार पक्क्या आहेत.

ही गाठ पेशीला कशी चकवते?

आपल्या पेशीत जुना किंवा नको असलेला आरएनए नष्ट करण्याची सोय असते. ‘एक्सआरएन-१’ नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, हे काम करते. ते आरएनएचा धागा सुरुवातीच्या टोकाला धरते आणि एकेक अक्षर तोडत शेवटाकडे जाते. विषाणूचा आरएनएही ते असाच खात सुटते.

डेंग्यूच्या धाग्यावर हे विकर जवळजवळ शेवटपर्यंत पोहोचते आणि तिथल्या गाठीपाशी अडकते. गर्दीच्या वेळी सात रस्ता चौकाच्या तोंडाशी आलेले वाहन जसे पुढेही जाऊ शकत नाही आणि मागेही, तशी त्याची अवस्था होते. गाठीच्या पलीकडचा तुकडा न खाल्लेला तसाच शिल्लक राहतो.

हा उरलेला तुकडा साधारण ३०० ते ५०० अक्षरांचा असतो. शास्त्रीय भाषेत त्याला ‘एसएफआरएनए’ म्हणतात. २००८ मध्ये वेस्ट नाइल विषाणूवर काम करणाऱ्या संशोधकांनी हा तुकडा पेशीच्याच विकरामुळे तयार होतो हे दाखवले. २०१४ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी याच कुळातल्या एका विषाणूच्या गाठीची त्रिमितीय रचना उलगडली. आरएनएचा धागा स्वतःभोवती कडे तयार करतो आणि त्याचेच एक टोक त्या कड्यातून गेलेले असते. खेचावे तितकी ती गाठ घट्ट होते. २०१६ मध्ये झिकाच्या विषाणूतही अशीच गाठ असल्याचे सिद्ध झाले.

म्हणजे विषाणूला नष्ट करायला निघालेली पेशीची यंत्रणाच विषाणूसाठी एक हत्यार घडवून देते.

हा उरलेला तुकडा करतो काय?

तो पेशीच्या धोक्याच्या घंटेवर हात ठेवतो. विषाणू शिरल्याचे लक्षात आले की पेशी ‘इंटरफेरॉन’ नावाची प्रथिने तयार करते. त्यामुळे ती पेशी आणि आजूबाजूच्या पेशीही सावध होतात. तापाच्या पहिल्या एक-दोन दिवसांत शरीराची मुख्य भिस्त याच यंत्रणेवर असते. एसएफआरएनए या यंत्रणेतल्या काही प्रथिनांना चिकटून बसतो आणि त्यांचे काम थांबवतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा कॅरिबियन समुद्रातल्या प्युर्टो रिको बेटावरून आला. तिथे १९९४ मध्ये डेंग्यूची मोठी साथ आली. डेंग्यूच्या दुसऱ्या प्रकाराच्या एका नव्या वाणाने तिथल्या जुन्या वाणाला मागे टाकले होते. नवा वाण वरचढ का ठरला, याचा उलगडा २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने केला. नव्या वाणाच्या टोकाकडच्या, म्हणजे प्रथिन न बनवणाऱ्या भागात मोजकी अक्षरे बदलली होती. त्यामुळे हा वाण एसएफआरएनए जास्त प्रमाणात तयार करत होता आणि तो तुकडा ‘ट्रिम २५’ या प्रथिनाला घट्ट चिकटत होता. हे प्रथिन अडले की इंटरफेरॉनचा इशारा दबतो.

याचा अर्थ असा, की विषाणूच्या प्रथिनांकडेच पाहत राहिलो तर साथ का भडकली याचे एक महत्त्वाचे कारण नजरेआड राहू शकते.

हा तुकडा डासातही काम करतो. डासालाही स्वतःची प्रतिकार यंत्रणा असते आणि एसएफआरएनए तिलाही दाबतो. पुढच्या संशोधनात डेंग्यूबाधित एडिस डासाच्या लाळेतही हा तुकडा सापडला. डास चावतो तेव्हा विषाणूच्या सोबतीने हा तुकडाही त्वचेत उतरतो आणि संसर्गाला मदत करतो, असे प्रयोगांतून दिसले आहे.

लसीसाठी नेमकी हीच जागा का निवडली?

गंमत म्हणजे, जागा आधी निवडली गेली आणि पूर्ण कारण नंतर कळले.

१९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील, म्हणजे एनआयएचमधील संशोधक डेंग्यूच्या चौथ्या प्रकाराच्या टोकाकडची वेगवेगळी अक्षरे काढून काय होते ते पाहत होते. त्यांपैकी ३० अक्षरे काढलेला विषाणू जिवंत राहिला, वाढला, पण दुबळा झाला. जिवंत पण दुबळा विषाणू हीच अशा लसीची गरज असते. तो आजार घडवत नाही, पण शरीराला ओळख पटवून देतो. २००१ मध्ये २० स्वयंसेवकांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ही वाट योग्य असल्याचे दिसले.

तोवर एसएफआरएनएचे हे कोडे सुटलेले नव्हते. २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवले, की ही ३० अक्षरे काढल्यावर मानवी पेशीत एसएफआरएनए कमी साठतो आणि विषाणू इंटरफेरॉनपुढे लवकर नमतो. चादरीच्या भाषेत सांगायचे तर दशांच्या गाठींमधली एक सैल केली गेली.

मात्र ही कात्री सगळीकडे सारखी चालली नाही. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. पहिल्या आणि चौथ्या प्रकारात ३० अक्षरे काढणे पुरेसे ठरले. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात तेवढ्याने विषाणू हवा तितका दुबळा झाला नाही. म्हणून तिसऱ्या प्रकारात टोकाकडची आणखी ३१ अक्षरे काढावी लागली. दुसऱ्या प्रकारासाठी वेगळीच युक्ती केली गेली. चौथ्या प्रकाराच्या दुबळ्या विषाणूवर दुसऱ्या प्रकाराची बाहेरची प्रथिने बसवण्यात आली. या चारही विषाणूंचे मिश्रण म्हणजे ‘टीव्ही ००३’ आणि ‘टीव्ही ००५’ या नावांनी ओळखली जाणारी लस.

पुरेसा दुबळा न झालेला दुसऱ्या प्रकाराचा तो विषाणूही वाया गेला नाही. लस खरेच काम करते का, हे तपासण्यासाठी स्वयंसेवकांना मुद्दाम त्याचाच संसर्ग देण्यात आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत लस न घेतलेल्या सर्व २० जणांच्या रक्तात विषाणू सापडला. लस घेतलेल्या २१ जणांपैकी एकाच्याही रक्तात तो आढळला नाही.

भारतात ही लस कुठपर्यंत आली आहे?

एनआयएचकडून हे वाण तीन भारतीय कंपन्यांनी घेतले. त्यांत पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट आहे. सर्वांत पुढे मात्र पॅनेशिया बायोटेक ही कंपनी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर आणि पॅनेशिया यांनी ‘डेंगीऑल’ या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी १४ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर केली. रोहतकच्या वैद्यकीय संस्थेत पहिल्या व्यक्तीला लस देण्यात आली. देशभरातील १९ केंद्रांवर १० हजारांहून अधिक निरोगी प्रौढांचा समावेश आणि प्रत्येकाचा दोन वर्षे पाठपुरावा, अशी तिची आखणी आहे.

याच वाणांपासून ब्राझीलच्या बुटांटन संस्थेने केलेली लस पुढे गेली आहे. तिथल्या १६ हजार २३५ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत एका डोसची परिणामकारकता ७९.६ टक्के दिसली. मात्र त्या काळात तिथे डेंग्यूचे तिसरा आणि चौथा हे प्रकार आढळलेच नाहीत, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध लस किती चालते हे या आकड्यातून कळत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलच्या औषध नियामकाने १२ ते ५९ वयोगटासाठी या लसीला मान्यता दिली.

भारतात चारही प्रकारांचे विषाणू फिरतात. म्हणूनच ब्राझीलचा आकडा जसाच्या तसा इथे लावता येत नाही आणि इथली चाचणी महत्त्वाची ठरते. घाई न करण्यामागे आणखी एक कारण आहे. ‘डेंगव्हॅक्सिया’ या वेगळ्या पद्धतीने केलेल्या लसीची मोठी मोहीम २०१६ मध्ये फिलिपिन्समध्ये राबवली गेली. आधी कधीच डेंग्यू न झालेल्यांना ही लस दिल्यास नंतरचा डेंग्यू अधिक गंभीर होण्याचा धोका असल्याचे २०१७ च्या अखेरीस कंपनीने जाहीर केले आणि देशभर गदारोळ झाला. डेंग्यूच्या लसीत पाठपुरावा लांबलचक का लागतो, याचे उत्तर या अनुभवात आहे.

ही ‘एमआरएनए’ लस आहे का? ती डीएनए बदलते का?

‘आरएनए’ हा शब्द आला की समाजमाध्यमांवर हे दोन प्रश्न हमखास फिरू लागतात. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

काही कोविड लसी एमआरएनएच्या होत्या. डेंग्यूची ही लस जुन्या पठडीतली, म्हणजे जिवंत पण दुबळ्या विषाणूची आहे. गोवर आणि पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या लसीमागेही हेच तत्त्व आहे. फरक इतकाच की विषाणू दुबळा करण्यासाठी कुठे कात्री लावली, हे इथे अक्षरागणिक ठाऊक आहे. शिवाय डेंग्यूचा विषाणू आपल्या नकला पेशीच्या केंद्रकाबाहेर काढतो. त्याच्या जीवनचक्रात डीएनएचा टप्पाच नसतो.

आणखी एक गोंधळ होतो तो चाचण्यांबाबत. तापाच्या सुरुवातीला होणारी ‘एनएस-१’ चाचणी विषाणूचे एक प्रथिन शोधते. नंतरची ‘आयजीएम’ चाचणी आपल्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. या दोन्हींना विषाणूच्या टोकात काय बदल झाला हे दिसत नाही. ते त्यांचे कामही नाही. रुग्णाच्या उपचारांसाठी त्याची गरज नसते. ती असते साथीचा माग काढणाऱ्यांना.

हे फक्त डेंग्यूपुरतेच आहे का?

नाही. डेंग्यू, झिका, जपानी मेंदूज्वर आणि सिंधुदुर्ग-गोव्याच्या सीमेवर आढळणारा माकडताप हे सगळे एकाच ‘फ्लेविव्हायरस’ कुळातले आजार आहेत. शेवटच्या टोकातून असा तुकडा तयार करणे ही या कुळाची खूण आहे. चिकुनगुन्या मात्र त्याच डासातून पसरत असला तरी वेगळ्या कुळातला आहे.

इतर विषाणूंनी वेगळ्या युक्त्या शोधल्या आहेत. सर्दी-खोकला देणारे ॲडेनोव्हायरस लहान नॉन-कोडिंग आरएनएचा ढीग तयार करून पेशीची संरक्षण यंत्रणा अडवतात. एपस्टाइन-बार विषाणू स्वतःचे ‘मायक्रोआरएनए’ बनवतो, हे २००४ मध्ये कळले. विषाणूतले ते पहिले ज्ञात मायक्रोआरएनए. हेपेटायटिस सी तर यकृताच्या पेशीतलाच एक मायक्रोआरएनए स्वतःच्या बचावासाठी वापरतो. मायक्रोआरएनएच्या मूळ शोधाला, म्हणजे व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकुन यांच्या कामाला, २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

सोलापूरसारख्या शहराने यातून काय घ्यायचे?

पहिली गोष्ट विषाणूवर पाळत ठेवण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये महाराष्ट्रात झिकाचे १४० रुग्ण आढळले. त्यांतले १२५ एकट्या पुण्यातले होते, तर सोलापुरात एकाची नोंद झाली. २०२१ मध्ये राज्यातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातील बेलसर गावात सापडला होता. त्या तुलनेत ही मोठी झेप आहे.

अशा वेळी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी विषाणूचा जनुकीय मजकूर वाचला जातो. डेंग्यूचा प्रकार आणि वाण ठरवण्यासाठी अनेकदा बाहेरच्या आवरणाच्या जनुकाचा भाग वाचला तरी भागते. धाग्याची अगदी टोके वाचणे तांत्रिकदृष्ट्या कटकटीचे असल्याने ती बऱ्याचदा अर्धवट राहतात. प्युर्टो रिकोचा धडा पाहता ती सोडून देणे परवडणारे नाही. एखाद्या जिल्ह्यात अचानक रुग्ण वाढले, तर नवा प्रकार आला आहे का एवढेच न पाहता टोकाकडची अक्षरे बदलली आहेत का, हेही पाहायला हवे. त्यासाठी फक्त पुण्या-मुंबईचेच नव्हे, तर सोलापूर, सांगली, कोल्हापूरचेही नमुने नियमितपणे पूर्ण वाचले जायला हवेत.

दुसरी गोष्ट जास्त साधी आणि जास्त तातडीची आहे. २०२३ मध्ये देशात डेंग्यूच्या २ लाख ८९ हजारांहून अधिक रुग्णांची आणि ४८५ मृत्यूंची नोंद झाली. विषाणूची गाठ कितीही पक्की असली तरी तो डासावाचून घरात येत नाही. एडिसच्या अंड्यातून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगितले जाते. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी अनेक महिने टिकतात. त्यामुळे बॅरल नुसते रिकामे करून चालत नाही, आतून घासावे लागते.

पण ज्या घरात पाणी चार-पाच दिवसांनी येते, तिथे भरलेले बॅरल ओतून द्या असे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड असते. तिथे भांडे घट्ट झाकणे, तोंडाला कापड बांधणे, हौदात गप्पी मासे सोडणे किंवा पाणी संपेल तेव्हा, नवे भरण्याआधी, आतून घासून घेणे हे जमण्यासारखे उपाय आहेत. आणि नळाला नियमित पाणी देणे ही केवळ पाणीपुरवठा विभागाची बाब राहत नाही. ती डेंग्यू रोखण्याचीही बाब होते.

लसीने विषाणूची एक गाठ सैल केली आहे. भारतात ती किती उपयोगी पडते, हे चाचणीच्या निष्कर्षांवरून कळेल. ती यशस्वी ठरली तरी तिचा उपयोग फक्त डेंग्यूला होईल, झिका किंवा चिकुनगुन्याला नाही. बॅरलचे झाकण मात्र तिन्ही आजारांवर चालते.